पगाराच्या चिठ्ठीवरची १२६ रुपयांची ओळ

"ताई, नमस्कार. मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला आहे. आम्ही दोघं रांजणगावला भाड्याच्या खोलीत राहतो. बायकोला पाचवा महिना लागलाय, पहिलीच वेळ. तिचं माहेर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. सासरे म्हणतात, पहिलं बाळंतपण आमच्याकडंच, आणि तेही चांगल्या खासगी दवाखान्यात. तिथे विचारलं तर नॉर्मलचे २५ हजार, सिझर झालं तर ६० ते ७० हजार सांगितले. माझ्याकडं पाच लाखांचं कार्ड आहे. ते दाखवलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, बाळंतपण यात बसत नाही. मग कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवायचं? सासरे ऊसतोडीला जातात. म्हणाले, यंदा टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, जरा वाढवून घेतो. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला तोंड नाही. आई म्हणते सरकारीत नको, तिथे बायकांवर ओरडतात. माझा पगार १६,८००. त्यातून पीएफ, ईएसआयचे १२६ असं काय काय जाऊन साडेचौदा हजार हातात येतात. कर्ज काढावं का?"

— वाळूजचा एक वाचक

कर्ज काढू नका, आणि सासऱ्यांना उचल वाढवू देऊ नका. का, ते पुढे सांगते. आधी तुमच्याच पत्रातल्या एका ओळीकडे बघू. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात तीच महत्त्वाची: "ईएसआयचे १२६".

१६,८०० चा पाऊण टक्का म्हणजे बरोबर १२६. ही तुमची वर्गणी. मालकाने त्यावर सव्वातीन टक्के, म्हणजे ५४६ रुपये घालायचे असतात. महिन्याला ६७२ रुपये तुमच्या नावाने कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, म्हणजेच ईएसआयकडे, जातात, किंवा जायला हवेत. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा हा विमा आहे आणि तो एकट्या कामगाराचा नाही. त्यात बायको येते, मुलं येतात, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. बायकोची गरोदरपणातली तपासणी, सोनोग्राफी, औषधं, बाळंतपण, सिझर, सगळं यात बसतं. वरची मर्यादा पाच लाख वगैरे काही नाही. तुम्ही दर महिन्याला विम्याचे पैसे भरता आहात आणि कर्ज कुठून काढू असं मला विचारता आहात! तुमचा दोष नाही म्हणा. पगाराच्या चिठ्ठीतल्या कपाती कामगाराला समजावून सांगणारा ठेकेदार मला अजून भेटायचा आहे.

तर उद्या कामावर गेलात की ठेकेदाराच्या ऑफिसातून तुमचा दहा आकडी विमा क्रमांक मागून घ्या. ई-पहचान कार्ड निघालं आहे का, त्यावर बायकोचं नाव चढलं आहे का, ते बघा. लग्नाआधी नोकरीला लागला असाल तर बहुतेक चढलेलं नसणार. कुटुंबाचा तपशील नंतर कोणी भरत नाही. नाव घालायला आधार आणि लग्नाचा पुरावा लागतो. मग विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर तुमच्या क्रमांकाने वर्गणी जमा होते आहे की नाही ते पाहा. पगारातून कापायचे आणि पुढे भरायचेच नाहीत, असले ठेकेदार आहेत. तसं निघालं तर गप्प बसू नका: ठेकेदाराने भरले नाहीत तरी जबाबदारी मूळ कंपनीची असते, आणि कंपनीच्या एचआरला हे चांगलं ठाऊक असतं. "ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी विचारू का?" एवढं नम्रपणे म्हटलं तरी बरीचशी कामं होतात.

क्रमांक चालू असेल तर पुढची वाट सरळ आहे. तुम्हाला नेमून दिलेल्या विमा दवाखान्यात बायकोला एकदा घेऊन जा, तिथून चिकलठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. तिथे एखादी सोय नसली तर पुढे पाठवण्याची जबाबदारी त्यांची. एक तपासणी आताच तिथे करून टाका. ऐन कळा सुरू झाल्यावर नवीन दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे तपशील भरण्यातच अर्धा तास जातो.

आता त्या कार्डाचं. तुमचा राग बरोबर आहे, पण काउंटरवरचा माणूस खोटं बोलला नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आता आपल्या राज्यात एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. त्या मोठ्या आजारांसाठी, शस्त्रक्रियांसाठी आखलेल्या आहेत: हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजणं, अपघात. उपचारांची यादी ठरलेली असते. त्या यादीत गुंतागुंतीच्या बाळंतपणाचे काही उपचार आहेत, पण त्यातलेही काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले. साधं बाळंतपण खासगीत या कार्डावर होईल असं धरून चालू नका.

यामागे विचार आहे, आणि मला तो मुळात चुकीचा वाटत नाही. प्रत्येक बाळंतपणाचे पैसे सरकारने खासगी दवाखान्यांना मोजायचे ठरवलं तर काय होईल, याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांवरून येतो. देशात सरकारी संस्थांत होणाऱ्या बाळंतपणांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. सिझर वाईट नाही, वेळेवर झालेलं सिझर आई आणि बाळ दोघांना वाचवतं. पण जवळजवळ निम्म्या बायकांना त्याची गरज असते, हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. तुम्हाला सांगितलेले २५ हजार आणि ७० हजार यांच्यातलं अंतर बघा आणि तुम्हीच ठरवा.

म्हणून बाळंतपणासाठी सरकारने कार्डाऐवजी हक्क दिला. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सरकारी दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही गरोदर बाईचं सगळं मोफत: साधं बाळंतपण असो वा सिझर, औषधं, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, लागलं तर रक्त, राहण्याच्या दिवसांतलं जेवण (नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात). घरून न्यायला १०२ ची गाडी, पुढच्या दवाखान्यात पाठवलं तर तिथवर गाडी, आणि बाळाला घेऊन घरी सोडायलाही गाडी. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचाही उपचार मोफत. रेशनकार्डाचा रंग विचारायचा नाही, जात विचारायची नाही, कितवं मूल विचारायचं नाही, कुठल्या गावची तेही विचारायचं नाही. म्हणजे केजची लेक संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली काय आणि रांजणगावची सून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात बाळंत झाली काय, हक्क तोच. पाच लाखांच्या कार्डाच्या जाहिराती एसटीच्या पाठीवर दिसतात, ह्याची कुठे दिसत नाही.

ते कार्ड मात्र देव्हाऱ्यात ठेवू नका, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. बाळ दिवस भरण्याआधी झालं, काचेत ठेवावं लागलं आणि सरकारी कक्षात जागा नसली, तर योजनेतल्या खासगी रुग्णालयात ते उपयोगी पडू शकतं. दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. आत पैसे भरण्याआधी त्याच्याकडे जायचं, नंतर नाही. एकदा रोख भरून पावती फाडली की मग योजनेत बसवणं फार अवघड जातं.

तुमच्या आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. प्रसूतिगृहात बायकांवर ओरडलं जातं, हे खरं आहे. "तेव्हा नाही कळलं का?" हे वाक्य कळा देणाऱ्या बाईला ऐकवलं जातं, आणि ऐकवणारी बहुतेक वेळा बाईच असते. गरीब बाईला जास्त ऐकावं लागतं, अंगावरच्या साडीवरून आवाजाची पट्टी ठरते. बाया सरकारी दवाखाना टाळतात त्याचं मोठं कारण हे आहे, पैसे नव्हे. फुकट मिळतंय म्हणून अपमान सोसायचा, हा सौदा कोणाही बाईवर लादू नये. यावर एक उपाय कागदावर आहे आणि तो मागून घ्यावा लागतो: सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी घरातली एक बाई सोबत थांबू शकते, असं केंद्राने २०१६ मध्येच सांगून ठेवलं आहे. तेव्हा तुमच्या आईलाच सोबत राहू दे. आपलं माणूस उशाशी उभं असलं की बोलणाऱ्याची जीभ आपोआप आवरते. शिवाय रक्तस्राव वाढला तर हाक मारायला कोणीतरी असतं.

आणखी दोन कटकटी येतील, त्या आधीच सांगते. एक म्हणजे "हे बाहेरून आणा" असं म्हणून हातात ठेवलेली चिठ्ठी. ती घेऊन मेडिकलकडे पळू नका, आधी विचारा की जननी शिशु सुरक्षामध्ये हे मिळायला हवं ना. नाहीच म्हणाले तर वैद्यकीय अधीक्षकांकडे जा, किंवा १०४ ला फोन लावा. मात्र बाईचा जीव अडला असेल तर वाद नंतर, औषध आधी. बिल जपून ठेवा आणि मग तक्रार करा. दुसरी म्हणजे मुलगा झाला की मागितली जाणारी "खुशी". द्यायची नाही. मुलगी झाली तर मागत नाहीत, यातच काय ते समजा.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट. पाचवा महिना आत्ता लागला म्हणजे दिवस जानेवारीत भरतात. जानेवारीत तुमचे सासू-सासरे कुठे असतील? कारखाने दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. म्हणजे ज्या माहेरी पहिलं बाळंतपण करायचं म्हणताय, ते माहेर त्या दिवसांत कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर पालात असणार. मागे राहिली तर एखादी आजी. की सासूबाई लेकीसाठी गावात थांबतील? मग कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, मोडला. उचल जोडीच्या नावावर असते, एक माणूस मागे राहिला की फिटता फिटत नाही, आणि पुढच्या हंगामावर चढते. त्यात वर २५ हजारांची, कदाचित ७० हजारांची भर. तुमच्या बाळाच्या जन्माचा खर्च तुमच्या सासूच्या कमरेवर उसाच्या मोळ्यांनी फिटणार, याची तुम्हाला टोचणी लागली आहे आणि ती लागायलाच हवी.

बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल राज्याने एकदा चौकशी केली होती, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी तेरा हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे कामात खाडा नको, मुकादमाचा दंड नको, आणि डॉक्टर म्हणाला की काढून टाका. तुमच्या सासूच्या पिढीतल्या बायका या. लेकीचं बाळंतपण "चांगल्या" दवाखान्यात व्हावं हा त्यांचा हट्ट मला कळतो. आपल्या वाट्याला जे आलं ते तिच्या वाट्याला नको, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. चांगलं म्हणजे खासगी, हे समीकरण मात्र सोडवावं लागेल.

चांगला दवाखाना कसा ओळखायचा? दोन प्रश्न विचारा, सरकारी असो की खासगी. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ येतो का? आणि रक्त इथे मिळतं की आणायला जावं लागतं? बाळंतपणात बायका दगावतात त्या मुख्यतः रक्तस्रावाने, वाढलेल्या रक्तदाबाने आणि जंतुसंसर्गाने. पहिल्या दोन्हींत हातात फार थोडा वेळ असतो. तालुक्याच्या गावातल्या पुष्कळशा छोट्या खासगी दवाखान्यांत भूलतज्ज्ञ फोन करून बोलवावा लागतो, रक्ताची पिशवी दुसऱ्या गावाहून येते, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की शेवटी अंबाजोगाईला नाहीतर घाटीतच पाठवतात. शेवटी जिथे जायचं, तिथे सुरुवातीलाच जाण्यात कमीपणा कसला? २०१८-२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. आपलं राज्य चांगल्या राज्यांत मोडतं. पण ही सरासरी आहे. पुण्यातली नोकरदार बाई आणि तळावरच्या पालातली बाई तिच्यात एकत्रच मोजल्या आहेत.

पैशांचंही सांगते, थोडे आहेत पण सोडू नका. पहिल्या मुलासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. ३,००० चा पहिला हप्ता मिळायला शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि एक तपासणी झालेली लागते, म्हणजे तुमच्या हातात आता जेमतेम दोन महिने उरले. २,००० चा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. खातं बायकोच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, तुमचं चालत नाही. अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड किंवा आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यातलं एक पुरतं. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात. शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला जननी सुरक्षा योजनेतून गावात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात.

या पाच हजारांबद्दल माझं एक भांडण आहे, ते मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं आहे की गरोदर बाईला किमान ६,००० रुपये मिळतील. त्यात पहिलं-दुसरं काही नव्हतं. योजना आली तेव्हा ती पहिल्या मुलापुरती आणि ५,००० ची झाली. पुढे २०२२ पासून दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० सुरू केले. दुसरा मुलगा झाला तर त्याच्या आईला बाळंतपणाची विश्रांती लागत नाही बहुतेक! तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून रोख आणि पोषण संच मिळून १८ हजारांची मदत होते. आणि आपल्याकडेच, पक्की नोकरी असलेल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ती असायलाच हवी. पण ऊस तोडणारी, धुणीभांडी करणारी, वीटभट्टीवरची बाई तितकीच बाळंत होते. तिचे सहा महिने पाच हजारांत कसे मोजले, हे गणित मला कोणी समजावून सांगावं.

असो. तुमच्याकडे वळते.

माझं मत असं की बाळंतपण संभाजीनगरात करावं. ईएसआय चालू असेल तर विमा रुग्णालयात, नसेल किंवा डॉक्टरांनी जोखीम सांगितली तर घाटीत. तुमच्या आईला डिसेंबरअखेरपासून रांजणगावला आणा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब प्रत्येक वेळी कार्डावर लिहून घ्या. आशाताईंनी करून दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड बायकोच्या पिशवीत राहू द्या, ती जाईल तिथे ते गेलं पाहिजे. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर ९ तारखेची वाट न बघता निघायचं.

पण हे माझं मत झालं. तुमच्या पत्रात सासरे काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणते ते आहे, काउंटरवरचा माणूससुद्धा आहे. बायको काय म्हणते ते नाही. तिला कदाचित आईच हवी असेल, कदाचित आपल्या आईने तिच्यापायी कोयता मोडू नये असं वाटत असेल आणि ती बोलत नसेल. आज रात्री जेवणं झाली की तिला विचारा, आणि ती बोलेपर्यंत आपण बोलू नका.

तिने होकार दिला तर सासऱ्यांना असं सांगता येईल: "मामा, डोहाळजेवण तुमच्या दारात, टोळी निघायच्या आधी. बाळंतपण इथे, कारण माझा कंपनीचा विमा आहे, त्याचे पैसे दर महिन्याला भरतोय, ते वाया कशाला घालवायचे? आणि तुम्ही पाडव्याला आलात की तिला आणि बाळाला महिनाभर माहेरी घेऊन जा." यात त्यांचा मान राहतो, रीत राहते, आणि "फुकटच्या दवाखान्यात घातलं" असं भावकीत कोणाला म्हणता येत नाही, कारण विमा फुकटचा नाहीच. बायकोने मात्र केजलाच जायचं म्हटलं तर अंबाजोगाईला नाव नोंदवा, सोबतीला कोण राहणार ते आधी ठरवा, आणि १०२ ची गाडी त्या गावात किती वेळात पोचते ते तिथल्या आशाताईंना विचारून ठेवा.

सासऱ्यांना फोन याच आठवड्यात करा. मुकादम उचल वाटत फिरतात ते याच दिवसांत.